स्वर डावीकडं, व्यंजनं उजवीकडं

गारखेड्याच्या त्या गल्लीत भामाबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. बाई शिकलेली दुसरी, पण त्या दुसरीचा ताठा असा, की पदवीवाल्या माणसानं वाट सोडून उभं राहावं. अक्षराला अक्षर लावून वाचायची, मधेच दम घ्यायची, पण कुणी पुढचा शब्द सांगायला गेलं तर त्याची खैर नसायची. अंकलिपी तिला अजून तोंडपाठ होती. गल्लीत कुणाची लग्नपत्रिका आली, की आधी ती काय चुकलंय ते बघायची, मग कुणाचं लग्न आहे ते.

तिचा थोरला, राजकुमार, सरकारी कचेरीत लिपिक होता. एका दुपारी त्यानं टेबलावरच मान टाकली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपला. मागं राहिली बायको संध्या, पोरगी निशा, आणि अनुकंपेवर मिळणारी एक नोकरी. ती घरात एकालाच मिळणार होती, तीही एकदाच.

भामाबाईची नणंद चंपाबाई चितेगावाहून मयताला म्हणून आली आणि नोकरीचं ठरेपर्यंत हललीच नाही. तिचं म्हणणं, नोकरी धाकट्या आकाशला लावावी. पोटचा आहे, कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली मरतोय. सून म्हणजे परक्याचं लेकरू, उद्या तिनं दुसरं घर केलं तर पगारही गेला आणि इज्जतही. भामाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन संध्याच्या नावानं ना-हरकत सही करून आली. वळणदार सही, आडव्या रेघेसकट. घरी येऊन चार माणसांत चंपाबाईला म्हणाली, "माझी सून हाय ती. हापिस ते घर अन् घर ते हापिस. तिसऱ्या रस्त्यावर तिचं पाऊल दिसलं, तर मला येऊन सांगा."

चंपाबाईचं तोंड बंद झालं. पण त्या एका वाक्यानं सुनेचे पायही बांधले गेले.

नोकरीच्या आदेशात एक अट होती. दोन वर्षांत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. पहिलं वर्ष दुखवट्यात आणि कामाची सवय होण्यात निघून गेलं. संध्याला आवक-जावकचं टेबल दिलेलं, तिथं सगळं हातानं लिहायचं. कॉम्प्युटर दुसऱ्यांच्या टेबलावर होते आणि जो तो आपल्यावर असा बसलेला, जशी अंड्यावर कोंबडी. मग कचेरीकडून त्या अटीची आठवण देणारा कागद आला. संध्यानं तो वाचून दाखवला आणि हळूच म्हणाली, त्रिमूर्ती चौकात टायपिंगचा क्लास आहे, हापिस सुटलं की जाता येईल, बाकीच्या बायकापण जातात.

भामाबाईनं क्लास कधीपर्यंत चालतो ते विचारलं. कोण कोण येतं ते विचारलं. पोरं, पोरी, दिवेलागणीनंतर, खुर्चीला खुर्ची लावून. तिच्या डोळ्यांपुढं चंपाबाईचं तोंड उभं राहिलं, उघडं. ती म्हणाली, क्लास घरात येईल, म्हणजे मशीन घरात येईल. क्लासवाल्याकडून नुसता परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायचा.

आणि मग ती लिहायची मशीन शोधायला निघाली.

आधी कॅनॉटच्या बाजारात गेली, मोठ्या काचांच्या दुकानात. तिथल्या पोरानं विचारलं, आंटी, युज काय आहे, गेमिंग की एडिटिंग.

"लिहायचं."

"आणि?"

"आणि काय? लिहिणं कमी असतं व्हय?"

पोरानं दाखवलं ते पाटीएवढं, चकचकीत, हातात धरलं तर कळणारही नाही धरलंय म्हणून. त्यात गाणी होती, पिच्चर होता, आपलं तोंड दिसायची सोय होती. किंमत ऐकल्यावर भामाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं ते तिच्या दारात हुंडा मागायला आलंय. पुढच्या दुकानात तोच प्रकार, त्याच्या पुढच्यातही तोच. मी सूपभर दाणे मागते अन् हे पोतं गळ्यात घालतात, असं ती रिक्षावाल्याला सांगत घरी आली. वस्तूत जेवढं जास्त तेवढी ती महाग, हे तिला कळत होतं. पण नुसतं लिहिणारी, गरीब, बिनबोलकी मशीन कुणी विकायलाच ठेवत नाही, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हतं.

आकाश म्हणाला, मोबाईलवर कर म्हणावं वहिनीला, मोबाईलवर मराठी येतं. भामाबाई म्हणाली, "परीक्षेला दहा बोटं लागतात. तुझ्यासारखा एकला अंगठा नाय चालत." आकाश जेवणावरून उठून गेला. नोकरीचं ठरल्यापासून तो असाच अर्ध्या ताटावरून उठायचा.

कुणीतरी सांगितलं, शहागंजात जुनी मशीन मिळते. एका संध्याकाळी संध्या हापिसातून परस्पर आली आणि दोघी तिथं गेल्या. दुकान म्हणजे नुसता ढीग. वायरी, पंखे, फुटक्या काचा, आणि मधे मेहंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा, चष्म्यातून बघण्यापेक्षा चष्म्यावरून जास्त बघणारा.

"कायकू होना, अम्मा?"

तिथं भामाबाईनं खरं सांगायला पाहिजे होतं. परीक्षा आहे, सुनेची नोकरी त्यावर लोंबकळतेय. पण परक्या माणसापुढं घरातलं भगदाड दाखवायचं तिला जिवावर आलं. ती ठसक्यात म्हणाली, "लिखने कू. सिरफ लिखने कू. हमारे घर में सब लिखते."

म्हातारा खूश झाला. म्हणाला, आजकाल लिहायला कोण मागतं, सगळे बघायला मागतात. त्यानं आतून एक जुना खोका काढला, पेटीएवढा, वर जाडजूड पडदा. नेट नको, हे भामाबाईनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. गाणं नको, खेळ नको, नाहीतर आकाश त्याच्यापुढून उठायचा नाही. म्हाताऱ्यानं एकेक गोष्ट काढून टाकली. घासाघीस झाली. ती त्याला लुच्चा म्हणाली, तो तिला वकीलीण म्हणाला, आणि दोघांना पटेल असा आकडा निघाला. तो खरोखर स्वस्त होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, हे जमतंय.

मग त्यानं बडवायच्या दोन पाट्या पुढं ठेवल्या, मराठी अक्षरं छापलेल्या. कीबोर्डला भामाबाई पाटीच म्हणायची. दोनों से मराठीच आती, तो म्हणाला, जो होना वो ले लो, मशीन में वैसा बिठा देता.

भामाबाई वाकली. पहिल्या पाटीवर अक्षरं अशी पसरलेली, जशी जत्रेत चुकलेली पोरं. क एकीकडं, ख भलतीकडं, काना कुठल्या कुठं. तिनं नाक मुरडलं आणि दुसरी ओढली. बोट ठेवून वाचू लागली, आणि तिचं तोंड उजळलं. सगळे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एका घरात, त आणि थ एका घरात, काना आणि आ एका घरात. अंकलिपी जशी. कुणीतरी शहाण्या माणसानं नीट डोकं लावून मांडलेली.

"ही," ती म्हणाली.

संध्या मागं उभी होती. ती म्हणाली, "आत्या, परीक्षेला कोणती लागती ते एकदा क्लासमधी विचारून घेऊ का? मी नुसती पायरीपर्यंत जाऊन येते."

"तू मला अक्षरं शिकवती व्हय? मराठी ती मराठी. परीक्षावाले काय इंग्लंडातून क आणणार हायेत?"

म्हाताऱ्यानं पाटी फडक्यानं पुसली आणि वायर गुंडाळली.

मशीन आली तशी घराची रीतच बदलली. संध्याकाळच्या भाकरी सुनेकडून काढून भामाबाईनं स्वतःकडं घेतल्या. चुलीपाशी ती थापायला बसायची, पलीकडं संध्या पाटीवर. सगळ्यांच्या भाकरी होईपर्यंत वर्तमानपत्रातला एक मजकूर उतरवून झाला पाहिजे, असा तिनं दंडकच घातला. सुरवातीला भाकरी संपायच्या, निवायच्या, जेवणं व्हायची आणि संध्या पहिल्याच ओळीत चाचपडत असायची. भामाबाई तोंड सोडायची. म्हणायची, तुझी बोटं हायेत का मेंढरं, हाकल्याशिवाय चालतच नाहीत. पण हळूहळू पाटी वाजायला लागली. मग अशी वाजायला लागली की भाकरी थापण्याचा आवाज आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे. संध्या खाली बघेनाशी झाली. राजकुमार गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर एक सावट बसलं होतं, ते त्या वेळेपुरतं तरी बाजूला व्हायचं. एकदा तर मजकूर आधी संपला, आणि तिनं मान वळवून सासूकडं बघितलं. परातीत दोन गोळे शिल्लक होते. दोघी हसल्या. तसं हसणं त्या घरात बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

भामाबाई नळावर सांगत सुटली. क्लासला जातात ती ठोंब्याची पोरं, आमची घरात शिकली. क्लासवाल्यानं फॉर्म भरला, फी घेतली, आणि मधे दोनदा निरोप पाठवला की सरावाला येऊन जा. भामाबाईनं उलट निरोप दिला, घरी मशीन हाय. तो म्हणाला, मग काय, प्रश्नच मिटला.

परीक्षेच्या दिवशी ती स्वतः सोबत गेली. कॉलेजच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसली. आत जाताना संध्यानं तिच्या पाया पडायला वाकून बघितलं, तर तिनं खांदे धरून उभं केलं; पडायचं ते पास झाल्यावर पड, म्हणाली.

पोरं बाहेर यायच्या बऱ्याच आधी संध्या एकटीच बाहेर आली. चालत आली ती अशी, जसं तिला कुणी झोपेतून उठवून रस्त्यावर सोडलंय. भामाबाईला वाटलं, लवकर झालं. ती उठून उभीही राहिली.

संध्यानं सांगितलं ते फार थोडं होतं. तिथल्या पाटीवर मराठी अक्षरं छापलेलीच नव्हती, नुसती इंग्रजी. तिला त्याची भीती वाटली नाही, कारण ती कधी खाली बघतच नव्हती. घंटा झाली, बोटं धावली, आणि पडद्यावर भलतंच उमटायला लागलं. क म्हणून बोट टाकलं तर काना आला. तिनं पुन्हा टाकलं, पुन्हा काना. तिनं हात वर केला, तर देखरेखीच्या बाई म्हणाल्या मशीन बरोबर आहे, सगळ्यांना तीच आहे. बाजूच्या पोरी खडाखडा लिहीत होत्या. ती बोटानं एकेक घर दाबून क शोधत राहिली. सापडला तेव्हा तो डाव्या हाताखाली होता. तोवर तिला पुढचं काही दिसेनासं झालं होतं.

भामाबाई घरी गेलीच नाही. सरळ त्रिमूर्ती चौकात गेली, क्लासची पायरी चढली आणि क्लासवाल्याला तिथल्या तिथं धारेवर धरलं. त्यानं तिचं बोलणं संपू दिलं. मग एक पाटी उचलून तिच्यापुढं ठेवली. जत्रेत चुकलेली पोरं. तो म्हणाला, आजी, ही जुन्या टाइपरायटरची मांडणी, परीक्षेला हीच लागते. पहिल्या दिवशी आल्या आल्या हेच सांगतो आम्ही सगळ्यांना. तुमची सून आलीच नाही ना.

त्या दिवशी पायरी उतरताना भामाबाईनं पहिल्यांदा कठड्याला धरलं.

पुढची परीक्षा मुदतीनंतर होती. तरी तिनं हाय खाल्ली नाही, निदान दाखवली नाही. शहागंजात जाऊन ती दुसरी पाटी आणली, मशीनमधलं बदलून घेतलं. म्हातारा हळहळला. पहले बोलना था ना अम्मा, एवढंच म्हणाला. त्याच्याशी भांडायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. पण बोटं म्हणजे काही मशीन नाही, की एक काढून दुसरं बसवलं. नवी मांडणी संध्याच्या बोटांत शिरेना आणि जुनी निघेना. पहिली ओळ धड यायची, दुसरीत कुठंतरी हात आपसूक जुन्या घराकडं वळायचा आणि सगळा चिवडा व्हायचा. भाकरी होऊन जायच्या. भामाबाई आता काहीच बोलत नव्हती, आणि संध्याला ते बोलण्यापेक्षा जड जात होतं.

मुदत संपायला आली तशी भामाबाईनं एके दिवशी जुनी पाटी बाजाराच्या पिशवीत घातली आणि सुनेच्या मागोमाग कचेरीत गेली. तिथल्या वरिष्ठ सुरेखा मॅडम. राजकुमारच्या मयताला आलेल्या, त्यामुळं ओळख होती. भामाबाईनं जयभीम घातला आणि पिशवीतून पाटी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, पोरीला येतं. ही जोडा अन् बघा. नाय आलं तर मीच तिला घरी नेते."

मॅडमनी समजावलं, असं चालत नाही. भामाबाई हलली नाही. शेवटी त्यांनी शिपायाला सांगून स्वतःच्याच कॉम्प्युटरला पाटी जोडायला लावली. गंमत म्हणा नाहीतर थट्टा म्हणा, मशीनमधे काही बदलावंच लागलं नाही. बाजूचा एक बाबू म्हणाला, आपल्याकडं हीच मांडणी चालते की, जुनी कोण वापरतंय.

मॅडम म्हणाल्या, मुदतवाढीचा अर्ज द्यावाच लागेल, तोच घेऊ लिहून. त्या तोंडानं सांगत गेल्या आणि संध्या लिहीत गेली. मी अमुक अमुक, अनुकंपा तत्त्वावर नियुक्त, शासकीय टंकलेखन परीक्षा विहित मुदतीत उत्तीर्ण होऊ शकले नाही. सदर कौशल्य आत्मसात करण्यासाठी मला आणखी कालावधी मिळावा. मॅडमना थांबावं लागत नव्हतं. उलट पुढचं काय सांगायचं म्हणून त्याच अडखळत होत्या, आणि संध्याची बोटं पाटीवर टेकून वाट बघत होती. हापिसातले बाबू आपापली कामं सोडून दाराशी आले. भामाबाईला वाचायला वेळ लागायचा, पण ऐकू स्वच्छ येत होतं. आपल्याला टायपिंग येत नाही, हे तिची सून त्या खोलीतल्या कुणालाही जमलं नसतं इतक्या झपाट्यानं लिहीत होती.

कागद छापून आला. मॅडमनी तो खालपर्यंत वाचला. "एक चूक नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही डोळ्यानं बघितलं न्हवं? तसं लिहा वर. की आम्ही बघितलं."

"माझ्या बघण्याला किंमत नाही, आजी. प्रमाणपत्राला आहे." मग त्या म्हणाल्या, "पाठवते मी. पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. असे अर्ज परतच येतात."

संध्यानं अर्जावर सही केली. मग तिनं स्वतःच तो आवक-जावकच्या वहीत चढवला, कारण ते टेबल अजून तिचं होतं.

जिना उतरताना भामाबाईला वाटत होतं, हिनं आता बोलावं. फाडफाड बोलावं, चार लोकांत बोलावं, मी विचारत होते म्हणावं. ती उत्तरं जुळवत होती, भांडण आलं की द्यायला. संध्या म्हणाली, "सावकाश उतरा आत्या, पायरी तुटलीय." आणि वळून कामावर गेली.

अर्ज परत आला. अमान्य. राजकुमारची खुर्ची त्या घरातून गेली आणि ती आता कुणालाच मिळणार नव्हती, आकाशलाही नाही. चंपाबाई भेटायला आली तेव्हा भामाबाईनं तिला चहा दिला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. चंपाबाईला बोलण्यात मजाच आली नाही. ती लवकर गेली.

भामाबाईनं मग पुन्हा ठरवायला घेतलं. मंत्र्याच्या माणसाकडं जाऊ, अमक्याच्या मेहुण्याला भेटू, मी बोलते, मी बघते. संध्या निशाची वेणी घालत होती. वेणी पुरी झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, आता तुम्ही काय ठरवू नका." आवाज चढवला नाही, वळूनही बघितलं नाही.

दोन दिवसांनी ती आकाशबरोबर चितेगावच्या कंपनीच्या बसमधे बसून गेली. पॅकिंगचं काम, ठेकेदाराच्या हाताखाली, रोजावर. तिनं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. तिथं दिवसभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या. पहिल्या आठवड्यातच तिच्या बोटांची टोकं चिरली. ती त्यांना तेल लावून फडकं गुंडाळायची, आणि जेवताना तांब्या दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायची.

असंच एकदा तिला वाढताना भामाबाईनं ती बोटं बघितली. तव्यावर भाकरी होती. ती उलथून भामाबाई म्हणाली, "त्रिमूर्ती चौकातला क्लास चालू हाय अजून. मी काल जाऊन आले. संध्याकाळचा बी असतो. जातीस का?"

संध्यानं घास गिळला.

"कशाला, आत्या?"

तिनं ते रागानं विचारलं असतं तर भामाबाईकडं शंभर उत्तरं होती. पण तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं होतं. ती सासूच्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली, काही येतंय का म्हणून. मग उरलेली भाकरी खाऊन तिनं ताट धुतलं, आणि बस लवकर असते म्हणून झोपायला गेली.